पैलू आणि पिंड

काचेच्या भांड्याबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. ते कशाचे बनले आहे, हा पहिला. त्यावर कोणते काम झाले आहे, हा दुसरा. ‘लेड क्रिस्टल’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ‘कटग्लास’ हे दुसऱ्याचे. शिसे घातलेली काच एकही पैलू न पाडता साधी, गुळगुळीत राहू शकते. उलट खिडकीच्या तावदानाच्या जातीची साधी काच चाकावर धरून तिच्यावर तारे, जाळी, पंखे कोरता येतात. बाजारात मात्र ही दोन नावे एकमेकांत मिसळून जातात आणि जे जे चमकते, टोचते आणि जड लागते ते सगळे ‘क्रिस्टल’ ठरते. मराठीत हा भेद सांगायला दोन नेमके शब्द आहेत: पैलू आणि पिंड. पैलू नंतर पाडता येतात. पिंड भट्टीतच ठरतो. काचेची पारख म्हणजे पैलूंच्या झगमगाटातून वाट काढत पिंडापर्यंत पोचणे.

चेन्नईचे जॉर्ज टाउन ही वाट शिकण्याची चांगली जागा आहे. फोर्ट सेंट जॉर्जच्या उत्तरेला वसलेली ही पेठ इंग्रजांच्या दप्तरात ब्लॅक टाउन होती. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणानंतर, १९११ पासून, तिला आजचे नाव मिळाले. इथल्या गल्ल्या धंद्यांनी आपसांत वाटून घेतल्या आहेत. अँडरसन स्ट्रीटवर कागद, गोडाउन स्ट्रीटवर कापड, एन. एस. सी. बोस रोडवर सोने आणि देवराज मुदली स्ट्रीटवर आरसे, तावदाने, तसबिरींच्या चौकटी. समुद्राच्या बाजूला बर्मा बाजार आहे. ब्रह्मदेशातून परत आलेल्या तमिळ कुटुंबांनी १९६९ च्या सुमारास मांडलेल्या टपऱ्यांची ही रांग परदेशी मालासाठी प्रसिद्ध झाली. जुन्या झुंबराचे सुटे लोलक, परदेशी फुलदाणी आणि देशी भट्टीतला नवा पेला अशा पेठेत एकाच फळीवर येऊ शकतात, आणि लांबून तिन्ही सारखेच चमकतात.

पहिला धडा भिंतीला टेकवून ठेवलेल्या तावदानांतच मिळतो. समोरून पाण्यासारखी नितळ दिसणारी काच कडेवरून पाहिली की हिरवी दिसते. हा हिरवेपणा वाळूतल्या लोखंडाच्या अंशाचा. समोरून पाहताना नजर काही मिलिमीटर काचेतून जाते, कडेवरून पाहताना हातभर काचेतून. म्हणून जे समोरून लपते ते कडेला उघड होते. काच पाहायची ती तिच्या जाडीतून, हा नियम पुढच्या प्रत्येक परीक्षेत उपयोगी पडतो.

नावांचा गोंधळ आजचा नाही. स्फटिकात अणू ठरलेल्या रांगांत, ठरलेल्या अंतरावर बसलेले असतात. काचेत अशी शिस्त नसते; वितळलेला रस घट्ट होताना अणू जिथे होते तिथेच थिजतात. शास्त्राच्या भाषेत म्हणून कोणतीही काच स्फटिक नसते, शिशाची तर नाहीच. तरी हे नाव पडले ते दिसण्यावरून. पंधराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी जवळजवळ रंगहीन काच बनवली. ती खाणीतल्या स्फटिकासारखी दिसे, म्हणून तिला त्यांनी ‘क्रिस्तालो’ म्हटले. तिच्यात शिसे नव्हते. म्हणजे ‘क्रिस्टल’ हा शब्द काचेला चिकटला तो ‘लेड क्रिस्टल’ जन्मण्याच्या कितीतरी आधी.

मराठीतल्या ‘बिलोरी’ या शब्दाचा प्रवास याहून लांबचा आहे. फारसी-अरबीतला बिल्लौर म्हणजे स्फटिक; त्याचे नाते ग्रीक ‘बेरिलोस’शी आणि त्यामागे प्राकृत ‘वेरुलिय’, संस्कृत ‘वैडूर्य’ यांच्याशी जोडले जाते. या शब्दाचे मूळ द्राविड भाषांत असावे, असे बरेच भाषाभ्यासक मानतात. त्याला भूगोलाचाही आधार आहे. तमिळ प्रदेशात कांगेयमजवळच्या पडियूरला वैडूर्याच्या जातीच्या खड्यांची खाण होती, आणि कोडुमणलच्या उत्खननात असे खडे घडवण्याच्या कारखान्यांचे अवशेष सापडले. चष्म्याला जर्मन भाषेत ‘ब्रिले’ म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला. तमिळमध्ये ‘कण्णाडि’ हा एकच शब्द काच, आरसा आणि चष्मा या तिन्हींना चालतो. स्फटिकाला आणि संगमरवरालाही ‘पळिंगु’ म्हणतात. भाषेने दिसण्यावरून एकत्र बांधलेल्या या वस्तू पारख करणाऱ्याला पुन्हा वेगळ्या कराव्या लागतात.

साधी काच तीन गोष्टींची असते: वाळू, सोडा आणि चुना. वाळू म्हणजे सिलिका हा तिचा सांगाडा. निव्वळ वाळू वितळवायला सतराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, म्हणून ती कमी करायला सोडा घालतात. पण सोडा आणि वाळू एवढ्याचीच काच पाण्यात विरघळते, म्हणून तिला टिकाऊ करायला चुना. खिडकीची तावदाने, बाटल्या, फिरोजाबादच्या बांगड्या आणि रोजच्या वापरातले बहुतेक पेले याच घराण्यातले आहेत. शिशाच्या काचेत चुन्याची जागा शिशाचे ऑक्साइड घेते आणि बहुधा सोड्याच्या जागी पोटॅश येते. शिसे भट्टीत जाते ते मुर्दाडशिंगाच्या किंवा शेंदराच्या रूपात. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच लाल ऑक्साइड. गावच्या वेशीवर मारुतीच्या अंगावर ज्याची पुटे चढतात, तेच द्रव्य वाळूत मिसळून वितळले की त्याचा रंग पूर्ण हरपतो आणि पाण्याहून नितळ काच तयार होते.

शिशाने काचेत जे बदल होतात, त्यांतूनच तिच्या साऱ्या ओळखी निघतात. सोडियमच्या अणूचे वजन २३, कॅल्शियमचे ४०, शिशाचे २०७. म्हणून काच जड होते. शिशाभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा मोठा पसारा प्रकाशाला जास्त अडवतो, जास्त वाकवतो आणि त्याचे रंग अधिक दूर पांगवतो. म्हणून काच झळकते. वितळलेला रस कमी उष्णतेलाही मऊ राहतो आणि सावकाश आळतो. म्हणून कारागिराला घडवायला वेळ मिळतो. थंड झाल्यावरही ही काच सोड्याच्या काचेपेक्षा मऊ असते. म्हणून चाकावर पैलू खोल आणि स्वच्छ उतरतात. शिशाच्या काचेला पैलूंची जोड इतकी शोभली, की पुढे लोक त्या दोन गोष्टींना एकच समजू लागले. गोंधळाचे मूळ असे गुणातच आहे.

किती शिसे असले म्हणजे काचेला हे नाव द्यावे, याचे उत्तर कायद्याने दिले आहे. युरोपीय समुदायाच्या १९६९ च्या निर्देशानुसार ३० टक्के किंवा अधिक लेड ऑक्साइड आणि किमान ३.०० घनता असलेली काच ‘फुल लेड क्रिस्टल’. किमान २४ टक्के ऑक्साइड आणि किमान २.९० घनतेची ती ‘लेड क्रिस्टल’. दोन्हींचा अपवर्तनांक १.५४५ पेक्षा कमी नसावा. शिसे, बेरियम, जस्त किंवा पोटॅश यांपैकी कशाचेही मिळून १० टक्के ऑक्साइड असलेल्या हलक्या जातींना वेगळी, उतरत्या दर्जाची नावे आहेत. साध्या काचेची घनता २.५ च्या आणि अपवर्तनांक १.५२ च्या आसपास असतो. पेटीवर किंवा चिकटपट्टीवर ‘२४% पीबीओ’ असे छापलेले असते, ते याच मोजमापाचे. पीबीओ म्हणजे लेड ऑक्साइड. मात्र चिकटपट्टी एका भांड्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते, म्हणून ती पुरावा ठरत नाही.

‘लेड क्रिस्टल’चा जन्म लंडनमध्ये झाला. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या व्यापाऱ्याला १६७४ मध्ये स्फटिकासारख्या काचेचे पेटंट मिळाले. त्याची सुरुवातीची काच काही काळाने अंगभर बारीक तड्यांनी भरून जाई. मिश्रणात लेड ऑक्साइडचे प्रमाण वाढवत त्याने हा दोष आटोक्यात आणला आणि मग आपल्या भांड्यांवर डोमकावळ्याच्या डोक्याचा शिक्का मारायला सुरुवात केली. हे १६७६-७७ चे दिवस. त्याच १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर होते, आणि जॉर्ज टाउनच्या तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ देवळात त्यांनी त्या वर्षी दर्शन घेतले, अशी परंपरा आहे. आज या पेठेत शिशाची काच शोधणाऱ्या मराठी माणसाला काळाचे अंतर मोजायला हे साल सोयीचे आहे: महाराज या किनाऱ्यावर आले तेव्हा ही काच नुकती कुठे धड होत होती.

पुढे या काचेच्या रूपाला कराने वळण दिले. ब्रिटनमध्ये १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनाच्या हिशेबाने कर बसला. शिशाची काच जड, म्हणून तिच्यावर बोजा जास्त; कारखानदार पेले पातळ करू लागले. आयर्लंडमध्ये हा कर नव्हता आणि तिथून निर्यात मोकळी झाल्यावर १७८३ मध्ये वॉटरफर्डचा कारखाना निघाला. जाड काच आणि खोल पैलू ही त्याची ओळख झाली. ब्रिटनमधला कर १८४५ मध्ये उठला आणि मग तिथेही जाडजूड पैलूदार काचेची लाट आली. बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या पेढीने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात २७ फूट उंचीचे, सुमारे चार टन काचेचे कारंजे उभारले. कलकत्त्यातही तिचे दुकान होते आणि हिंदुस्थानातले संस्थानिक हे तिचे मोठे गिऱ्हाईक. जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला १८७४ मध्ये बांधून घेतलेल्या जयविलास महालात साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगलेली आहेत. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून छताची ताकद अजमावल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती ऐकताना काचेचे वजन हा किती खरा प्रश्न होता, ते जाणवते.

मद्रासला अशी काच उतरायची ती धक्क्याशिवाय. बंदर होण्यापूर्वी जहाजे खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल मसुला होड्यांतून किनाऱ्याला येई. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या असत, कारण फुटत्या लाटांत ताठ होडी मोडली असती आणि शिवलेली होडी लवून तगत असे. इतका ठिसूळ माल या लवचीक होड्यांच्या भरवशावर किनारा गाठत होता.

देशी कारखान्यांचा इतिहास मात्र साध्या काचेचा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा पैसा जमवून चालवलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ मध्ये ओगले काच कारखाना निघाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. या कारखान्यांपुढचे काम उजेडाचे होते: दिव्यांच्या चिमण्या, कंदिलाच्या काचा, बाटल्या. त्याला स्वस्त आणि टणक काच हवी होती, झळकणारी नव्हे. म्हणूनच जुन्या मराठी घरातली देशी काच बहुधा सोड्याची असते आणि शिशाची वस्तू निघाली तर ती बहुधा जहाजाने आलेली असते.

पैलू पाडण्याचे काम, काच कोणतीही असो, एकाच क्रमाने होते. आधी भांड्यावर नक्षीच्या रेषा आखतात. मग फिरत्या लोखंडी चाकावर ओली वाळू सोडून त्या रेषांवर खोल चर पाडतात. या घडीला चर खरखरीत आणि दुधट दिसतो. दगडी चाकावर तो गुळगुळीत होतो आणि शेवटी लाकडाच्या किंवा नमद्याच्या चाकावर बारीक पूड लावून त्याला झिलई देतात. पुढे वाळूची जागा कृत्रिम कुरुंदासारख्या कठीण द्रव्यांनी, नंतर हिऱ्याची पूड बसवलेल्या चाकांनी घेतली. झिलईचे कामही बरेचसे आम्लात बुडवून होऊ लागले. कुरुंद हा धार लावणाऱ्यांचा ओळखीचा दगड. त्याचे इंग्रजी नाव तमिळ ‘कुरुंदम्’वरून गेले आहे. खड्याचे नाव आणि खडा घासणाऱ्या दगडाचे नाव, दोन्ही दक्षिणेने जगाला दिली.

या कामाची नक्कल करणारी तिसरी एक जात आहे: साच्याची काच. एकोणिसाव्या शतकात, १८२० च्या दशकापासून, अमेरिकेत यंत्राने साच्यात काच दाबून भांडी काढण्याची पद्धत रुळली आणि पैलूंची नक्षी चाकाशिवायच उमटू लागली. आज बाजारात ‘कटग्लास’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे या जातीचे असते. त्यामुळे पारखीची पहिली पायरी कामाची: नक्षी कापलेली आहे की ओतलेली?

याचे उत्तर बोट देते. चाकाने कापलेल्या दोन पैलूंची भेट धारदार कडेवर होते. बोटाचे पेर हलके फिरवले तर ती कड जाणवते. साच्यातून निघालेल्या पैलूंच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर असतात, कारण तापलेला रस साच्याच्या कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही आणि नंतर आचेने दिलेली झिलई उरलेली धारही मऊ करते. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे भांड्याच्या अंगावर उभी बारीक रेघ उरते. आतून हात फिरवला तर कापलेल्या भांड्याची आतली बाजू सपाट लागते. साच्याच्या काही भांड्यांत बाहेरची नक्षी आतही उठते. कापलेल्या नक्षीत माणसाचा हात दिसतो: एक तारा शेजारच्यापेक्षा केसभर मोठा, एका ठिकाणी चराचे टोक रेषेच्या किंचित पुढे गेलेले. अशी चूक प्रत्येक ताऱ्यात हुबेहूब तीच असेल, तर ती साच्याची. आम्लाने झिलई दिलेल्या हातकामाच्या कडाही थोड्या मऊ होतात, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

काम ठरले की द्रव्याकडे वळायचे. तिथे पहिला साक्षीदार तळहात. सारख्या आकाराचे आणि सारख्या जाडीचे दोन पेले दोन हातांत घेतले तर शिशाचा पेला जड लागतो. आकारमान तेच असेल तर २४ टक्क्यांच्या काचेचे वजन साध्यापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने जास्त भरते. हा फरक ओळखण्याजोगा आहे, पण जाड बुडाचा साधा पेला पातळ शिशाच्या पेल्याला सहज फसवतो. वजनाची तुलना म्हणून जोडीनेच करावी.

दुसरा साक्षीदार कान. पेल्याचा दांडा दोन बोटांत हलका धरून काठाला टिचकी मारली, की शिशाची काच घंटेसारखी वाजते आणि तो नाद रेंगाळतो. साधी काच ‘टक्’ करून थांबते. सोड्याच्या काचेतले सोडियमचे आयन सैल असतात. कंपनाबरोबर तेही हलतात आणि त्याची शक्ती पिऊन टाकतात. शिशाच्या काचेतले पोटॅशियमचे आयन मोठे आणि जागच्या जागी अडकलेले, त्यामुळे कंपन सहजी विझत नाही. ही परीक्षा पातळ काठाच्या, उघड्या तोंडाच्या भांड्यालाच लागू पडते. जाड राखदाणी किंवा चौकोनी सुरई शिशाची असूनही मुकी राहते, आणि केसाएवढा तडा गेलेला उत्तम पेलाही बद्द वाजतो. बाजारात मातीचे मडके टिचकीने वाजवून घेणाऱ्या हाताला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरा साक्षीदार प्रकाश. झुंबराच्या लटकत्या तुकड्याला मराठीत लोलक म्हणतात आणि विज्ञानाच्या पुस्तकात सूर्यप्रकाशाचे सात रंग करणाऱ्या काचेलाही लोलकच म्हणतात; दोन्हींचे काम एकच आहे. शिशाच्या काचेत रंग जास्त पांगतात, म्हणून लोलक हळूच फिरवला की लाल, निळ्या ठिणग्या सुट्या सुट्या दिसतात. साध्या काचेत चमक पांढरी राहते आणि रंग फिके पडतात. यासाठी उजेड एका बिंदूतून यायला हवा. ट्यूबलाइटचा पसरलेला उजेड दोन्ही काचांना सारखाच करतो; मोबाइलची विजेरी किंवा दुपारी अरुंद गल्लीत उतरलेली उन्हाची तिरीप खरा फरक दाखवते. त्याच वेळी भांडे पांढऱ्या कागदावर धरून जाडीतून रंग पाहावा. हिरवट झाक साध्या काचेकडे बोट दाखवते. मात्र उत्तम धुतलेल्या वाळूची साधी काचही रंगहीन असू शकते आणि जुन्या शिशाच्या काचेत करडी-निळसर छटा असू शकते, म्हणून रंगावर एकट्याने निकाल देऊ नये.

नोटा तपासायचा जांभळा दिवाही थोडी मदत करतो. अतिनील किरणांत शिशाची काच बर्फासारखी निळसर उजळते आणि जुनी सोड्याची काच, तिच्यात रंग काढण्यासाठी मँगेनीज घातले असेल तर, पिवळट हिरवी. शिशाचा निळा आखूड तरंगलांबीच्या दिव्यात स्पष्ट असतो. नोटांच्या लांब तरंगलांबीच्या दिव्यात तो मंद पडतो.

इथवरच्या परीक्षा अंदाजाच्या. मोजमापाची परीक्षा स्वयंपाकघरातच होते आणि तिने भांड्याला ओरखडाही पडत नाही. आधी वस्तू डिजिटल काट्यावर वजन करून घ्यावी. मग काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि वस्तू दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला, काठाला टेकणार नाही अशी पाण्यात लोंबकळत धरावी. काट्यावर आता जो आकडा येतो, तेवढे ग्रॅम पाणी वस्तूने बाजूला सारले. म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये ते तिचे आकारमान. वजनाला त्याने भागले की घनता मिळते. ९०० ग्रॅमच्या वाडग्याने ३०० चा आकडा दाखवला तर घनता ३.० आणि काच शिशाची. ३६० दाखवला तर २.५ आणि काच साधी. खळग्यांत हवेचे बुडबुडे अडकू देऊ नयेत आणि लोलक असेल तर त्याची पितळी तार आधी काढावी.

या परीक्षेची खरी गरज पडते ती मधल्या जातींसाठी. शिशाचे धोके कळल्यावर अनेक कारखाने बेरियम, जस्त, टायटॅनियम यांची ऑक्साइडे वापरून काच बनवू लागले. ती नितळ असते, चांगली वाजते आणि कायद्याने तिला ‘क्रिस्टल’ वर्गातले नावही मिळू शकते, पण तिच्यात शिसे नसते. तिची घनता बहुधा २.५ आणि २.९ यांच्या मध्ये कुठेतरी येते. आकड्यानेही शंका उरली तर एन. एस. सी. बोस रोडसारख्या सराफी पेठेत सोन्याचा कस तपासायला वापरतात तसले क्ष-किरण यंत्र कामी येते. असे यंत्र काचेतले शिसेही वस्तू न खरवडता सांगू शकते. पूर्वी प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या थेंबाने काच विरघळवून त्यावर अमोनियम सल्फाइड घालत. शिसे असेल तर डाग काळा पडे. ते आम्ल हाडापर्यंत इजा करते, त्यामुळे घरी त्याचा विचारही करू नये.

खरा स्फटिक ही याहून निराळी वस्तू. देवळांभोवती विकल्या जाणाऱ्या स्फटिकमाळांत काचेचे मणीही मिसळलेले असतात. स्फटिक, म्हणजे क्वार्ट्‌झ, काचेहून कठीण असतो. हातात घेतल्यावर जास्त गार लागतो आणि तो गारवा टिकतो. त्यात काचेसारखे गोल बुडबुडे नसतात. मोठा गोळा केसावर किंवा बारीक रेघेवर ठेवून फिरवला तर काही कोनांतून ती रेघ दुहेरी दिसते, कारण स्फटिक प्रकाशाच्या किरणाचे दोन किरण करतो. काच कितीही शिसे घातलेली असली तरी एकच रेघ दाखवते.

शिशाची काच ओळखण्यामागे सौंदर्यापलीकडचेही कारण आहे. काचेतले शिसे आंबट द्रवात हळूहळू उतरते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की शिशाच्या सुरयांत चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये लिटरमागे दोन ते पाच हजार मायक्रोग्रॅम शिसे उतरले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. जेवणापुरता पेल्यात ओतलेला द्रव आणि महिनोन्‌महिने साठवलेला द्रव यांत फरक आहे, हे खरे. पण जिथे चिंच, लिंबू आणि लोणचे रोजच्या ताटात असते तिथे हा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. शिशाच्या बरणीत लोणचे मुरवू नये, सुरईत सरबत साठवू नये, लहान मुलांना अशा पेल्यातून प्यायला देऊ नये. शिशाची काच फुलांसाठी, दिव्यांसाठी, पाहण्यासाठी.

तर पारखीचा क्रम असा: बोटाने काम पाहावे, तळहाताने वजन, कानाने नाद, डोळ्याने रंग, आणि पाण्याने निकाल. तळहात, कान आणि डोळा हे तीन साक्षीदार एकमेकांशी जुळले तर बहुधा पाण्याची गरज पडत नाही. त्यांच्यात मतभेद झाला तर शेवटचा शब्द पाण्याचा. या क्रमाने गेल्यावर चार जाती सुट्या होतात: शिशाची कापलेली, शिशाची साधी, सोड्याची कापलेली आणि सोड्याची साच्यातली. यांतली तिसरी जात बाजारात सर्वांत जास्त उपेक्षित आहे. शिसे नाही एवढ्यावरून तिला खोटी म्हटले जाते, पण चाकासमोर बसून कठीण काचेवर सरळ चर पाडणाऱ्या हाताचे काम तिच्यात पूर्ण खरे असते. मऊ काचेवरचा चर त्यापेक्षा सोपा. खोटे असते ते फक्त तिला दिलेले नाव. विकणाऱ्याने पिंड आणि पैलू वेगवेगळे सांगितले आणि घेणाऱ्याने दोन्हींबद्दल वेगवेगळे विचारले, तर फळीवरच्या प्रत्येक भांड्याला त्याचे स्वतःचे मोल मिळते: भट्टीचे भट्टीला आणि हाताचे हाताला.